हॉकर ८००एक्सपी घ्यावे की सायटेशन एक्सएलएस? उडवणाऱ्यांचे आणि सांभाळणाऱ्यांचे मत हवे आहे

प्रश्न : दोन_इंजिने

नमस्कार. मी एका खासगी उद्योगसमूहाच्या उड्डाण विभागात वैमानिक आहे. आमच्याकडे सध्या किंग एअर बी२०० हे प्रोपेलरचे विमान आहे. त्याच्याविषयी तक्रार नाही, परंतु संचालक मंडळाच्या दिल्ली, चेन्नई आणि गुवाहाटी येथील फेऱ्या वाढल्या आहेत, दुबईलाही वरचेवर जावे लागते आणि वर्षाकाठी एखाद्या वेळी सिंगापूरचा विषय निघतो. त्यामुळे मध्यम आकाराचे जेट घेण्याचा विचार सुरू झाला असून दोन पर्याय समोर आहेत. एक म्हणजे आधीपासून व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणी असलेले हॉकर ८००एक्सपी आणि दुसरे म्हणजे त्याहून बरेच महाग, पण वयाने लहान असलेले सायटेशन एक्सएलएस. आयातीच्या वेळी विमानाच्या वयाची अट आड येते, म्हणून परदेशातून जुने हॉकर आणण्याचा मार्ग आम्ही सोडून दिला आहे.

विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत दोन्ही विमाने उत्तमच दिसतात. मला जाणून घ्यायचे आहे ते असे की, आमचा तळ मुंबई आणि नेहमीचे मुक्काम ओझर, छत्रपती संभाजीनगर व नागपूर असताना, एप्रिल-मेच्या उन्हात आणि जुलैच्या पावसात हॉकर प्रत्यक्षात कसे वागते. त्याची विश्वासार्हता आज कितपत उरली आहे? कारखाना बंद झालेले विमान घेऊन पुढे सुट्या भागांसाठी हात जोडत फिरण्याची वेळ येईल, असे आमच्या लेखा विभागाचे ठाम मत आहे. ज्यांनी ही विमाने उडवली किंवा सांभाळली आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : डावे_आसन

आपण मार्ग आणि मुक्काम दोन्ही सांगितले, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. मी हॉकर ८००एक्सपी आणि नंतर ८५०एक्सपी या दोन्ही विमानांवर अनेक वर्षे कॅप्टन म्हणून काम केले आहे, म्हणून माझा कल हॉकरकडे आहे हे आधीच सांगून टाकतो.

या विमानाचे खरे बळ वजन उचलण्यात आहे. कमाल उड्डाण वजन २८,००० पौंड आणि इंधन सुमारे १०,००० पौंड. टाक्या काठोकाठ भरल्यावरही साधारण सतराशे ते अठराशे पौंड शिल्लक राहतात, म्हणजे सात-आठ माणसे आपल्या सामानासह बसू शकतात. एक्सएलएसमध्ये टाक्या पूर्ण भरल्या की चार माणसांपलीकडे जाताना गणित मांडावे लागते. आपल्या संचालकांपैकी सहा जण सिंगापूरला निघाले, तर मुंबईहून ते अंतर सुमारे २,१०० नॉटिकल मैल आहे. हॉकरचा पल्ला राखीव इंधन धरून अडीच हजारांच्या आसपास असल्याने ते न थांबता जाते, तर एक्सएलएसला वाटेत इंधनासाठी उतरावे लागते. मात्र जुलै-ऑगस्टमध्ये द्वीपकल्पावर चाळीस हजार फुटांच्या आसपास पूर्वेकडून येणारा जोरदार वारा असतो. जाताना तो नाकावर येतो, म्हणून त्या महिन्यांत हॉकरच्या वैमानिकानेही इंधनाचा हिशेब सैल सोडू नये. हिवाळ्यात याच्या उलट गोष्ट घडते. उत्तर भारतावरचा पश्चिमी वारा गुवाहाटीहून परतताना समोरून येतो आणि पावणेतीन तासांचे उड्डाण साडेतीन तासांकडे सरकते. तरीही त्या मार्गावर हॉकरमध्ये मला कधी इंधनाची चिंता वाटली नाही.

आता उन्हाविषयी. येथे माहितीपत्रकावर विसंबू नये. उड्डाणासाठी ५,०३० फूट धावपट्टी लागते असे त्यात छापलेले असते, पण तो आकडा समुद्रसपाटीचा आणि पंधरा अंश तापमानाचा आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१५ मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ते ठिकाण पावणेपाच हजार फुटांवर असल्यासारखे असते. संभाजीनगर त्याहून उंचावर आहे आणि तेथे ४१ अंशांतच हा आकडा साडेपाच हजार फुटांच्या घरात जातो. या दोन्ही ठिकाणी धावपट्टी लांब आहे, त्यामुळे धावण्याची अडचण येत नाही. अडचण येते ती चढाईची. एक इंजिन बंद पडले असताना, चाके आत घेतल्यानंतर दोन इंजिनांच्या विमानाने किमान २.४ टक्के चढण राखली पाहिजे, ही अट हॉकरचे वजन बांधून टाकते. उरलेल्या इंजिनाचा जोर आपोआप वाढवणारी एपीआर यंत्रणा मदतीला असते, तरीही भर दुपारी नागपूरहून पूर्ण टाक्या आणि पूर्ण प्रवासी घेऊन निघण्याचा हट्ट या विमानाने पुरवला जात नाही. आम्ही अशी लांबची उड्डाणे सकाळी सातच्या आत काढत असू किंवा मुंबईत इंधन भरण्यासाठी थांबत असू. दिल्लीपुरते इंधन घेतले तर मात्र दुपारीही काही अडत नाही.

चढाईचा वेग प्रारंभी चांगला असतो, पण जड वजनावर आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत तीस हजार फुटांनंतर तो मंदावतो. एका दमात ३९,००० फूट गाठण्याची अपेक्षा ठेवू नये. आधी ३५ किंवा ३७ हजारांवर थांबून इंधन जळू द्यावे आणि मग वर जावे. कमाल उंची ४१,००० फूट आहे आणि तेथे हलक्या वजनावरच पोहोचता येते. वेग माख ०.७४ ते ०.७६, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या सुमारे तीन-चतुर्थांश, राहतो. पहिल्या तासाला दोन हजार पौंडांहून थोडे अधिक इंधन लागते आणि पुढे ते दीड हजारांवर व त्याखाली येते.

हाताळणीविषयी एक गोष्ट किंग एअरवरून येणाऱ्याला सांगायला हवी. या विमानाच्या नियंत्रणांना हायड्रॉलिक मदत नाही, सगळे तारांवर चालते. त्यामुळे एलरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरील झडपा) जड लागतात, पण विमान अत्यंत स्थिर असते आणि खराब हवेत प्रवाशांना ते जाणवते. केबिनची उंची १.७५ मीटर आणि जमीन सपाट आहे, कारण पंख धडाच्या खालून जातो. एक्सएलएसमध्ये मधली वाट खोलगट करून जवळपास तेवढीच उंची मिळवलेली आहे. आमच्या उंच अध्यक्षांचे मत ठरायला एवढा फरक पुरेसा झाला होता.

उत्तर : एएमई_सांताक्रूझ

कॅप्टनसाहेबांनी उडण्याची बाजू मांडली, मी जमिनीवरची मांडते. मी परवानाधारक विमान देखभाल अभियंता आहे आणि हॉकरच्या ७०० मालिकेपासून ८५०एक्सपीपर्यंतच्या विमानांवर काम केले आहे.

सुट्या भागांच्या भीतीविषयी आधी बोलते. हॉकर बीचक्राफ्ट कंपनीने मे २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यातून सावरताना जेट विमानांचे उत्पादन कायमचे बंद केले, हे खरे आहे. परंतु २०१४ मध्ये बीचक्राफ्ट टेक्स्ट्रॉनकडे गेली आणि हॉकरच्या विमानांचा तांत्रिक आधार व भागांचा पुरवठा आजही तेथूनच चालतो. गंमत अशी की आपण ज्या सायटेशनशी तुलना करत आहात ते सेस्नाचे विमानही त्याच घरातले आहे. शिवाय हॉकर ८०० ज्यातून विकसित झाले त्या डी हॅविलंडच्या १२५ विमानाने १९६२ साली पहिले उड्डाण केल्यापासून या कुळातील सोळाशेहून अधिक विमाने बनली. त्यांतील जुनी विमाने मोडीत निघतात तेव्हा त्यांचे भाग तपासून, प्रमाणपत्रासह बाजारात येतात. इंजिन हनीवेलचे टीएफई७३१ आहे आणि लिअरजेटपासून फाल्कनपर्यंत अनेक विमानांवर ते बसलेले असल्याने त्याची चिंता सर्वांत कमी. भाग मिळत नाहीत ही खरी अडचण नव्हेच. भाग मिळतो, पण तो सिंगापूरहून, दुबईहून किंवा अमेरिकेहून निघून सीमाशुल्कातून सुटेपर्यंत विमान उभे राहते, ही अडचण आहे आणि ती एक्सएलएसलाही लागू आहे.

आता ज्यावर निर्णय फिरला पाहिजे ते सांगते. हॉकरची देखभाल तासांइतकीच दिनदर्शिकेवर चालते. विमान महिनोन्महिने उभे असले तरी तपासण्यांच्या तारखा येतच राहतात आणि त्यांतील बारा वर्षांची तपासणी ही सर्वांत मोठी. त्या वेळी विमान आतून उघडे करावे लागते, लँडिंग गिअर उतरवून दुरुस्तीला जाते आणि मग गंज कोठे लपला होता ते उघड होते. मुंबईच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानात स्वच्छतागृहाच्या आणि पँट्रीच्या खालची जागा, दरवाजाचा उंबरठा आणि पंखाच्या टाक्यांचे सांधे येथे मी नेहमी आधी बॅटरी घेऊन वाकते. विमान स्वस्त मिळत असेल तर ही तपासणी किती महिन्यांवर आली आहे हे विचारावे. अनेकदा विक्रेत्याने तो खर्च टाळण्यासाठीच विमान विकायला काढलेले असते आणि किमतीत मिळालेली सवलत त्या एका हँगरभेटीत परत जाते.

इंजिनांना दोन मोठ्या तपासण्या असतात. एमपीआय ही लहान आणि सीझेडआय ही मोठी, ज्यात गरम भागासह इंजिनाचा गाभा उघडला जातो. दोन्ही इंजिनांवर सीझेडआय जवळ आलेली असेल आणि इंजिने हनीवेलच्या एमएसपी योजनेत (उड्डाणाच्या तासांप्रमाणे पैसे भरून देखभालीचा खर्च भागवणारी योजना) नसतील, तर लेखा विभागाला आताच खुर्चीवर बसवून तो आकडा दाखवावा. या इंजिनाचा पुढचा पंखा गिअरबॉक्समार्फत फिरतो, त्यामुळे तेलाच्या नमुन्यांची नियमित प्रयोगशाळा तपासणी झाली आहे का आणि त्या अहवालांची सलग फाइल आहे का, हे पाहावे. फाइलमध्ये वर्षभराचा खंड दिसला तर कारण विचारावे.

टीकेएस यंत्रणेविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहेत. पंखाच्या पुढच्या कडेवरील टायटॅनियमच्या जाळीदार पट्ट्यांतून ग्लायकॉलयुक्त द्रव पाझरतो आणि बर्फ धरू देत नाही, अशी ती रचना. महाराष्ट्रात बर्फाचा काय संबंध, असे म्हणून कित्येक ठिकाणी ती महिनोन्महिने चालवली जात नाही. मग सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि श्रीनगरच्या पहिल्या हिवाळी फेरीच्या आदल्या दिवशी धावपळ होते. ती ठराविक काळाने चालवून, पूर्ण पट्टीवर द्रव सारखा पाझरतो का, हे डोळ्यांनी पाहावे लागते.

उरलेल्या तक्रारी वयाच्या आहेत. पुढच्या काचांचे थर सुटणे, एपीयूचे (जमिनीवर वीज आणि हवा पुरवणाऱ्या छोट्या सहायक इंजिनाचे) रुसणे, दरवाजाच्या सीलची गळती अशा गोष्टी होत राहतात. त्यांची सवय होते.

उत्तर : मधली_वाट

मी एक्सएलएस उडवतो, तेव्हा माझी बाजू उघड आहे. डावे_आसन यांनी लिहिलेले आकडे बरोबर आहेत, परंतु त्यांनी निवडलेली उदाहरणे हॉकरच्या सोयीची आहेत. प्रश्नकर्त्याने स्वतःच लिहिले आहे की सिंगापूरचा विषय वर्षातून एखाद्या वेळी निघतो. त्या एका फेरीसाठी वर्षभर आठ हजार पौंड जड विमान वाहून नेण्यात अर्थ काय? एक्सएलएसचे कमाल वजन २०,२०० पौंड आहे. मुंबई ते दिल्ली सव्वासहाशे नॉटिकल मैलांच्या आत आणि दुबई सुमारे १,०४० मैल. या दोन्ही ठिकाणी आम्ही सात माणसे घेऊन जातो, कारण टाक्या पूर्ण भरण्याची गरजच पडत नाही, आणि इंधन प्रत्येक तासाला हॉकरपेक्षा कमी लागते. गुवाहाटीचा हिवाळ्यातला परतीचा मार्गही आवाक्यात राहतो.

उन्हाच्या बाबतीत तर तुलनाच सायटेशनच्या बाजूने झुकते. माहितीपत्रकातील उड्डाणाचे अंतर ३,५६० फूट आहे. उन्हात ते वाढते हे मान्य, पण मुळात दीड हजार फूट कमी अंतरावरून सुरुवात होते. मी मे महिन्यात दुपारी तीन वाजता नागपूरहून मुंबईकडे निघताना वजनाचा तक्ता पाहतो तो नियम म्हणून. हॉकरवाल्या मित्रांप्रमाणे घड्याळ पाहून नव्हे. वर जाण्याची मर्यादा ४५,००० फूट असल्याने पावसाळी ढगांच्या माथ्यावरून जाण्याची संधी अधिक वेळा मिळते. सामानाचा कप्पा मागे आणि बाहेरून उघडणारा आहे. तो दाबनियंत्रित नाही, पण गोल्फचे साहित्य आणि मोठ्या बॅगा प्रवाशांच्या पायांत येत नाहीत. हॉकरमध्ये सगळे सामान केबिनमध्येच, दरवाजाजवळ रचावे लागते. पुढे हॉकर ७५० आले तेव्हा पोटाखालची इंधनटाकी काढून तेथे सामानाचा कप्पा दिला गेला, यावरून ही तक्रार किती जुनी होती ते समजते.

एक्सएलएस हे वेगवान विमान नाही आणि केबिन हॉकरइतकी प्रशस्त वाटत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघत राहिल्या. २०२३ मध्ये त्याच वंशातले असेंड जाहीर झाले. दहा वर्षांनी विकायला काढाल तेव्हा या गोष्टीला किंमत असेल.

प्रश्नकर्ता : दोन_इंजिने

तिघांचेही मनःपूर्वक आभार. ताईंनी सांगितलेल्या तपासण्यांच्या तारखा मी आजच मागवल्या आहेत. एक शंका राहते. पावसाळ्यात आम्हाला दोन-तीन अशा ठिकाणी उतरावे लागते जेथे धावपट्टी सतराशे मीटरच्या आसपास आहे. किंग एअरला तेथे काहीच अडचण येत नाही. हॉकर अशा ओल्या धावपट्टीवर नेणे शहाणपणाचे आहे का? आणि या विमानाच्या अपघातांतून काही शिकण्यासारखे असेल तर तेही वाचायला आवडेल.

उत्तर : निवृत्त_वैमानिक

मी सेवानिवृत्त आहे. ही चर्चा वाचून लिहावेसे वाटले, कारण हा शेवटचा प्रश्न या विमानाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा आहे.

आधी गणित. व्यावसायिक उड्डाणांत जेट विमान उपलब्ध धावपट्टीच्या साठ टक्क्यांत थांबले पाहिजे, असा हिशेब धरतात. आपले उड्डाण खासगी वर्गातील असले तरी तोच हिशेब पाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सतराशे मीटरचे साठ टक्के म्हणजे १,०२० मीटर. धावपट्टी ओली असेल तर आणखी पंधरा टक्के गाळा ठेवावा लागतो, म्हणजे तक्त्यातील अंतर सुमारे ८८५ मीटरच्या आत हवे. ८००एक्सपीचे कमाल लँडिंग वजन २३,३५० पौंड आहे आणि त्या वजनावर समुद्रसपाटीला लागणारे अंतर आठशे मीटरच्या आसपास येते. म्हणजे कागदावर ते बसते, पण उंची, उष्मा आणि थोडासा पाठीमागचा वारा यांना सामावून घेण्याइतकी जागा उरत नाही. परतीचे इंधन सोबत घेऊन तेथे उतरण्याचा मोह येथेच आवरावा लागतो. वजन वीस हजारांच्या खाली ठेवले, वाऱ्याची दिशा अनुकूल असली आणि धावपट्टीवर पाणी साचलेले नसले, तर मी गेलो आहे आणि पुन्हाही गेलो असतो. पाणी साचल्याचे कळले तर ओझर किंवा संभाजीनगर गाठून संचालकांना मोटारीने पाठवावे.

हॉकरची लिफ्ट डंप ही व्यवस्था वैमानिकाने मनापासून समजून घेतली पाहिजे. चाके टेकल्यावर हँडल मागे ओढले की एअरब्रेक पूर्ण उघडतात आणि पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप ४५ अंशांवरून थेट ७५ अंशांपर्यंत खाली येतात. पंखावरची उचल संपते, सगळा भार चाकांवर येतो आणि ब्रेक खऱ्या अर्थाने धरतात. अतिशय परिणामकारक योजना आहे, परंतु तिचा दुसरा अर्थ असा की लिफ्ट डंप उघडल्यानंतर ते विमान उडण्याच्या लायकीचे राहत नाही. ३१ जुलै २००८ रोजी अमेरिकेत मिनेसोटातील ओवाटोना येथे हॉकर ८००ए ओल्या धावपट्टीवर उतरले. धावपट्टी ५,५०० फुटांची होती, म्हणजे जवळपास आपण म्हणता तेवढीच. टेकल्याबरोबर लिफ्ट डंप पूर्ण उघडली गेली नाही, विमान थांबत नाही असे वाटून कॅप्टनने धावपट्टीच्या शेवटाकडे पुन्हा उड्डाण करण्याचा प्रयत्न केला आणि विमानातील आठही जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने ठपका ठेवला तो या उशिरा घेतलेल्या निर्णयावर. ज्यानंतर विमान थांबवायचेच, पुन्हा उडवायचे नाही, असा क्षण उतरण्यापूर्वीच दोघा वैमानिकांनी ठरवून ठेवायला हवा, असा त्या अहवालाचा आग्रह होता. धावपट्टीच्या टोकाबाहेर मंद वेगाने चिखलात रुतलेले विमान आणि त्याच टोकावरून अर्धवट उडालेले विमान यांत प्रवाशांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. ते विमान थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा जोर उलट दिशेला वळवून विमान मंदावणारी व्यवस्था) नसलेले होते. आपण पाहत असलेल्या ८००एक्सपीवर रिव्हर्सर आहेत, पण त्यांच्या भरवशावर वरचा हिशेब सैल करू नये.

दुसरा धडा ताईंच्या टीकेएसशी जोडलेला आहे, आणि तो खरेदीनंतर लगेच उपयोगी पडेल. पंखाच्या पुढच्या कडेवरील पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या की विमानाची स्टॉलच्या (वेग कमी होऊन पंखावरची उचल तुटण्याच्या) वेळची वागणूक बदलू शकते, म्हणून त्यानंतर चाचणी उड्डाणात विमान मुद्दाम स्टॉलपर्यंत नेऊन तपासावे लागते. ७ फेब्रुवारी २०२४ रोजी यूटा राज्यात हॉकर ९००एक्सपी कोसळून दोन वैमानिकांचा मृत्यू झाला, ते अशाच चाचणीसाठी निघालेले विमान होते. देखभाल संस्था हे काम नियमित म्हणून सांगेल. ते नियमित नाही. या प्रकाराच्या चाचणीचा अनुभव असलेला वैमानिक बोलवावा, भरपूर उंची ठेवावी, हवा स्वच्छ आणि दिवसाउजेडीची असावी. आपल्या विभागातील नव्याने रेटिंग घेतलेल्या वैमानिकाने केवळ पगारात बसते म्हणून हे काम अंगावर घेऊ नये.

एवढे वाचून विमान धोक्याचे आहे असा समज होऊ नये. सांगाडा किती कणखर आहे याचे दोन दाखले मला नेहमी आठवतात. ऑगस्ट १९८८ मध्ये बोट्स्वानाच्या राष्ट्राध्यक्षांचे बीएई १२५-८०० (हॉकर ८०० चेच आधीचे नाव) अंगोलावरून जात असताना त्याच्यावर लढाऊ विमानातून क्षेपणास्त्र सुटले आणि एक इंजिन तुटून खाली पडले. वैमानिकाने ते विमान उरलेल्या इंजिनावर जवळच्या धावपट्टीवर उतरवले आणि राष्ट्राध्यक्ष बचावले. ऑगस्ट २००६ मध्ये नेवाडा राज्यात एक हॉकर ८००एक्सपी ग्लायडरवर आदळले. नाकाचा भाग चेपला, कॉकपिटमधील उपकरणे विस्कटली, एक इंजिन बंद पडले, चाके बाहेर येईनात, तरी कॅप्टन बाईंनी ते कार्सन सिटीच्या धावपट्टीवर पोटावर टेकवले आणि कोणीही दगावले नाही; ग्लायडरचा वैमानिकही हवाई छत्रीने सुखरूप उतरला.

आपल्या मूळ प्रश्नावर माझे मत द्यायचे तर, नेहमीचे प्रवासी पाचपर्यंत असतील आणि त्या छोट्या धावपट्ट्या पावसाळ्यातही टाळता येत नसतील, तर मधली_वाट यांचे म्हणणे मान्य करावे. प्रवासी सहा-सात असतील, मार्ग लांबचे असतील आणि छोट्या ठिकाणी जुलै-ऑगस्टपुरते किंग एअर ठेवता येत असेल, तर हॉकर घ्यावे. ते किंग एअर विकण्याची घाई करू नका, एवढे मात्र आग्रहाने सांगतो.

उत्तर : डावे_आसन

साहेबांशी मी सहमत आहे, फक्त एक पुरवणी. हॉकरची पोटाखालची इंधनटाकी भरलेली असेल तर चढाईतच ते इंधन पंखात वळवून घ्यावे लागते. किंग एअरवरून येणाऱ्या वैमानिकाला ही सवय नसते. सिम्युलेटरचे प्रशिक्षण परदेशात घेणार असाल, तर तेथे गरम हवामानात एक इंजिन बंद पडल्याचा सराव नागपूरची उंची आणि तापमान घालून करून घ्या. सहसा तेथील प्रशिक्षक आपले ठरलेले विमानतळ लावतात. आधी सांगितले तर बदलून देतात.

उत्तर : एएमई_सांताक्रूझ

निवृत्त_वैमानिक यांनी चाचणी उड्डाणाविषयी लिहिले ते प्रत्येक मालकाने वाचावे.

दोन_इंजिने, खरेदीपूर्व तपासणीसाठी विक्रेत्याची नेहमीची देखभाल संस्था निवडू नका. ज्यांनी या विमानाला पूर्वी हात लावलेला नाही अशा मान्यताप्राप्त संस्थेकडे न्या. दोन्ही इंजिनांची बोरस्कोपने अंतर्गत पाहणी, तेलाच्या अहवालांची संपूर्ण मालिका, टाक्या पूर्ण भरून रात्रभर उभे ठेवून सकाळी पंखाखाली गळती पाहणे आणि टीकेएस सलग चालवून पट्टीपट्टीवर पाझर तपासणे, या चार गोष्टी करारात लेखी घाला. बारा वर्षांच्या तपासणीची आणि लँडिंग गिअरच्या दुरुस्तीची पुढील तारीख मूळ लॉगबुकवरून स्वतः उतरवून घ्या, विक्रेत्याने टंकलिखित करून दिलेल्या तक्त्यावरून नव्हे. त्या तारखा आपल्याकडे आल्या की येथे लिहा. हँगरमध्ये किती आठवडे धरावे लागतील याचा अंदाज मी देईन.